गिऱ्हाईक घोडा

"घोडा किती उंच?"

मेस्त्रींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी कोण, कुणी पाठवलं, पैसे किती आणलेत, यातलं काहीही नाही. मी टांग्याबद्दल बोलायला आलो होतो आणि त्यांनी थेट घोड्याची उंची मागितली. मुलगी बघायला गेल्यावर मुलाचा पगार विचारावा, तितक्या सहजपणे.

"घोडा नाहीये," मी म्हणालो.

"गेला?"

"गेलाच असेल. पन्नास वर्षं झाली."

मेस्त्रींनी पटाशी खाली ठेवली. चष्म्याची एक काडी दोऱ्याची होती, ती कानामागे नीट बसवली आणि माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. "मग टांगा कुणासाठी दुरुस्त करायचा?"

"आमच्यासाठी. आजोबांचा आहे. आठवण म्हणून सोसायटीच्या दारात ठेवायचाय."

"तुम्ही ओढणार?"

"नाही."

"मग माप कुणाचं घेऊ?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मेस्त्रींच्या बहुतेक प्रश्नांना नसतं. मग त्यांनीच मला एखाद्या पोराला समजवावं तसं समजावलं. "हे बघा साहेब. शिंपी कपडा घालणाऱ्याचं माप घेतो, पैसे देणाऱ्याचं न्हाय. टांगा घालतो घोडा. तुम्ही नुसतं मागं बसणार. गिऱ्हाईक घोडा. तुम्ही निस्ती उधारी."

मेस्त्रींना नाव आहे. पण ते फक्त रेशनकार्डावर आणि वीजबिलावर असतं. मिरजेत त्यांना नावाने शोधत गेलात तर पोस्टमनसुद्धा डोकं खाजवतो. "टांग्याचे मेस्त्री" म्हटलं की शाळकरी पोरगंही हात वर करून दाखवतं, "त्या चिंचंखाली." चिंचेखाली पत्र्याची शेड, शेडला टेकून चाकं. मोडकी, अर्धी, बिनआऱ्यांची, नुसती लोखंडी धाव उरलेली. लांबून बघणाऱ्याला ते भंगाराचं दुकान वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की प्रत्येक चाकावर खडूने काहीतरी लिहिलंय. मी वाचायला गेलो, तर एकावर "देऊ नये" असं होतं. दुसऱ्यावर "अजिबात देऊ नये". नंतर समजलं, ही चाकं मागायला हॉटेलवाले येतात. छताला टांगून त्यात बल्ब लावायचे असतात त्यांना. मेस्त्रींच्या मते हा चाकाला दिलेला फास आहे.

शेजारीच एक तंबोरे करणारे कारागीर बसतात. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव, हे जगाला ठाऊक आहे. जगाला ठाऊक नाही ते हे, की या दोन शेजाऱ्यांत एका शब्दावरून गेली चाळीस वर्षं गोड भांडण चालू आहे. तो शब्द म्हणजे "तुंबा". तंबोरेवाल्यांचा तुंबा म्हणजे सुकवलेला भोपळा. मेस्त्रींचा तुंबा म्हणजे चाकाचा मधला गड्डा, ज्यात सगळे आरे येऊन रुततात. एखादा परगावचा माणूस "तुंब्याचं काम कुठं होतं?" असं विचारत आला की दोघंही एकदम "इथंच!" म्हणतात. एकदा एक गवई मेस्त्रींपुढे दहा मिनिटं नादाबद्दल बोलत होते आणि मेस्त्री शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सगळं पटलं बुवा. फक्त एवढं सांगा, वजन किती वाहतो?"

मेस्त्रींचे वडीलही हेच करत. मिरज स्टेशनात त्या काळी तीन मापांचे रूळ येत. पुण्याचा मार्ग १९७१ साली रुंद झाला, पण बेळगावकडची मीटरगेज आणि कुर्डुवाडीची नॅरोगेज पुढेही होतीच. तिन्ही रुळांवरून उतरलेली माणसं शेवटी स्टेशनाबाहेर एकाच वाहनात बसत, ते म्हणजे टांगा. दवाखान्यात आलेले पेशंट, दर्ग्याला आलेले भाविक, खोळ घातलेला तंबोरा मांडीवर घेतलेले बुवा, सगळे टांग्यातून. मेस्त्री अभिमानाने सांगतात, "रेल्वेला तीन मापं लागली. आमाला एकच. घोडा." पुढे रिक्षा आल्या. टांगेवाल्यांची पोरं रिक्षा चालवायला लागली आणि घोड्याच्या जागी मीटर बसला. मेस्त्रींच्या वडिलांनी शेवटच्या दिवसांत पोराला सांगितलं म्हणे, "दुसरा धंदा बघ." मेस्त्रींनी बघितला. दोन दिवस फर्निचरच्या दुकानात काम केलं. तिसऱ्या दिवशी परत आले. का, तर "खुर्ची जागची हलत न्हाय ओ. कटाळा येतो."

आमचा टांगा ट्रॉलीतून चिंचेखाली उतरवला, तेव्हा त्यात टांग्यापेक्षा कडबा जास्त होता. शेतावरच्या गोठ्यात तो इतकी वर्षं पडून होता. टपाचं कातडं उंदरांनी खाल्लेलं, एक कमानपाटा बसलेला, पायदान गायब. मी बरोबर चुलतभावाला आणि आत्याला घेऊन गेलो होतो. चुलतभाऊ इंजिनिअर आहे, म्हणून. आत्या नानांची, म्हणजे आजोबांची, सगळ्यात धाकटी मुलगी, म्हणून.

मेस्त्रींनी टांग्याभोवती एक फेरी मारली. मग वाकून एकेका आऱ्यावर लाकडी हातोडीने टकटक करायला लागले आणि कान लावून ऐकायला लागले. घट्ट आरा टणकन बोलतो, सैल आरा भद्द बोलतो. बारा आरे, बारा आवाज. शेजारचे तंबोरेवालेही काम थांबवून ऐकत होते. सातव्या आऱ्याला ते तिकडून म्हणाले, "उतरलाय." मेस्त्री म्हणाले, "गप बसा, माझा पेशंट आहे."

तपासणी झाल्यावर मेस्त्रींनी निदान सांगितलं. आमचे नाना गावातले नावाजलेले डॉक्टर होते, कडक. त्यांच्यापुढे मोठमोठी माणसं उभी राहून बोलत. अशा माणसाबद्दल मेस्त्री बोलले ते असं:

"मालक अंगानं दणकट होते. मागं बसायचे, डाव्या बाजूला. डावा कमानपाटा त्यांनीच बसवलाय. शेजारी कुणीतरी हलकं बसायचं. पोर असेल. टांगेवाला म्हातारा, एका पायानं अधू. पुढची फळी एकाच जागी झिजलीय. आणि गाडी रोज उजवीकडं वळायची."

"हे कशावरून?" इंजिनिअरने विचारलं.

"डाव्या चाकाची धाव जास्त झिजलीय. उजवीकडं वळताना डावं चाक बाहेरून जातं, जास्त पळतं."

"पण जाताना उजवीकडे वळली तर येताना डावीकडे वळणारच ना? हिशेब बरोबरीत सुटायला पाहिजे."

मेस्त्रींनी त्याच्याकडे करुणेने बघितलं. "आल्या वाटेनं परत आले असते तर सुटला असता. हे लांबनं वळसा घालून यायचे. परत उजवीकडनं, परत उजवीकडनं. घरी काय सांगायचं त्याचा इचार करायला येळ लागतो की."

आमचा दवाखाना वाड्यातून बाहेर पडल्यावर डावीकडे होता. उजवीकडे काय होतं, यावर त्या रात्री घरात मोठी चर्चा झाली. चुलतभावाच्या मते पत्त्यांचा क्लब. माझ्या मते एखादी गाण्याची बैठक. थोरल्या काकूंनी आणखी एक शक्यता सुचवली आणि मग स्वतःच तोंडावर पदर घेतला. आत्या मात्र काही न बोलता उठून देवघरात गेली. संध्याकाळचा दिवा तिने अर्ध्या तासापूर्वीच लावलेला होता.

"कधी मिळेल?" हा प्रश्न मेस्त्रींना विचारू नये. विचारलात तर ते ऋतू सांगतात. पावसाळ्यात लाकूड पाणी पितं, फुगतं. तेव्हा चाकावर धाव चढवली की उन्हाळ्यात लाकूड आटतं, धाव सैल पडते आणि चाक रस्त्यात गळतं. म्हणून पावसाळ्यात नाही. दसऱ्यानंतर लाकूड "अजून ऐकत न्हाय". लग्नसराईत बग्गीवाले येऊन बसतात. आणि उन्हाळ्यात, सगळं जमून आल्यावर, मेस्त्री स्वतः बाभूळ बघायला तालुकाभर हिंडतात. तुंब्याला आणि आऱ्यांना बाभूळ, दांड्यांना धावडा, अंगाला साग. बाभळीचं झाड कुठल्या बांधावरचं आहे, त्याने वारा कुठल्या बाजूने खाल्लाय, हे बघितल्याशिवाय ते हात लावत नाहीत. सोयरीक जमवतानासुद्धा इतकी चौकशी होत नसेल. आमचा टांगा व्हायला दोन पावसाळे गेले. तक्रार केल्यावर म्हणाले, "पन्नास वर्षं कडब्यात होता तेव्हा कुणी इचारलं न्हाय."

या दोन पावसाळ्यांत मी शेडवर इतक्या वेळा गेलो की बाकीची गिऱ्हाइकं मला कामगार समजायला लागली. दोन पायांची गिऱ्हाइकं, म्हणजे मेस्त्रींच्या भाषेत उधारीवाली.

एक लग्नाच्या बग्गीवाला यायचा. त्याच्या बग्गीला फायबरचे दोन हंस होते, चारी बाजूंनी रंग बदलणारे दिवे होते आणि सिंहासनाला लाल मखमल होती. चाकं मोटारसायकलची. त्याला मेस्त्रींकडून फक्त "जरा रॉयल लूक" हवा होता. मेस्त्री बग्गीखाली शिरले, बराच वेळ दिसेनात. बाहेर आले ते चेहरा पाडून. "हंस काढा."

"हंसांमुळेच बुकिंग येतं मेस्त्री!"

"पन्नास किलोचा एकेक हंस पुढं बसवलाय. नवरा-नवरी, करवली, दोन हंस, वर बॅटरी. घोड्याचं लगीन हाय का?"

शेवटी तडजोड झाली. एक हंस राहिला, तोही मागे, आसाच्या बरोबर वर. त्या मोसमात बग्गीतून मिरवलेल्या नवरदेवांच्या सगळ्या फोटोंत त्यांच्या मानेमागून एक हंस डोकावताना दिसतो.

एका मालिकेचा कलादिग्दर्शक आला होता. त्याला इतिहासातला रथ हवा होता, पण "चाकं सरळ उभी दिसायला हवीत, ही तुमची जरा आत गेलेली वाटतात." मेस्त्रींचं चाक परातीसारखं किंचित खोलगट असतं. आरे तुंब्यातून जरा बाहेरच्या बाजूला झुकून निघतात. घोडा चालताना डावी-उजवीकडे झुलतो आणि प्रत्येक झोक्याला चाकाला आतून धक्का देतो. खोलगट चाक तो धक्का सोसतं, ताठ चाक मोडतं. हे सगळं सांगून झाल्यावर मेस्त्री म्हणाले, "तुमचा रथ पळणार किती?" "एका शॉटपुरता. बाकी ग्राफिक्समध्ये." "मग चाकंबी तिथनंच घ्या."

सिनेमा हा मेस्त्रींचा जुना आजार. पण ते सिनेमा बघतात तो आपल्यासारखा नाही. 'शोले'त सगळ्या देशाने गब्बर बघितला. मेस्त्रींनी धन्नोची तंगपट्टी बघितली. "सैल होती," एवढंच त्यांचं परीक्षण. त्यांचा खरा जीव १९५७च्या 'नया दौर'वर. टांग्याने बसला हरवलं, असा दुसरा सिनेमा जगात नाही. वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी तो बघितला होता. वडीलही चाकंच बघत होते.

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांवर उच्च न्यायालयाने २०१५ साली बंदी आणली, ती बातमी मी त्यांच्यापुढे जरा जपून काढली होती. वाटलं, दुखावतील. मेस्त्रींनी विडी विझवली आणि म्हणाले, "बरोबर केलं."

"बरोबर?"

"डांबरावर उन्हात उभं करायचं, पाणी न्हाय, सावली न्हाय. गिऱ्हाइकाची तक्रार होती. कोर्टानं ऐकून घेतली."

मग २०२१ साली तिथे बॅटरीवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. मी मोबाइलवर फोटो दाखवला. मेस्त्रींनी तो दोन बोटांनी मोठा करून बघितला. टप छान होता, कंदील छान होते. बोट सरकवत सरकवत ते पुढच्या बाजूला गेले आणि फोटो संपला. "घोड्याची जागा कुठाय?"

"घोडा नसतोच याला."

"मग मोटार म्हणा की. उगं राणीचं नाव कशाला?"

धाव चढवायचा दिवस अखेर वैशाखात उजाडला. चाकावर लोखंडी धाव चढवणं हा या धंद्यातला सगळ्यात देखणा प्रकार आणि त्या दिवशी मेस्त्री कुणाशीही नीट बोलत नाहीत. आधी एक छोटी चकती चाकाच्या कडेवरून फिरवत नेली, खडूच्या खुणेपासून खुणेपर्यंत फेरे मोजले. तीच चकती लोखंडाच्या पट्टीवर तेवढेच फेरे फिरवली आणि पट्टी बोटभर कमी धरून जोडली. म्हणजे धाव चाकापेक्षा मुद्दाम लहान.

"बसेल कशी?" मी विचारलं.

"तापवून. कुठलंबी नातं थंडपणी बसत न्हाय."

इंजिनिअर चुलतभावाने लगेच मोबाइल काढला. चार फुटी चाक, घेर साडेबारा फूट, लोखंड सातशे अंश तापलं तर साधारण सव्वा इंच वाढेल, असा हिशेब करून त्याने जाहीर केलं. मेस्त्रींनी ऐकलं, मान डोलावली. "बोटभर कमी धरलंय, सव्वा इंच वाढंल. आत शिरायला जागा राहिली. म्हणजे तुमचं शिक्षण बरोबर हाय."

शेण्यांचा गोल रचला, मध्ये धाव ठेवली, पेटवलं. लोखंड लाल झाल्यावर मेस्त्री, त्यांचा मुलगा आणि तंबोरेवाले असे तिघे सांडशा घेऊन सरसावले. (तंबोरेवाले या दिवशी न बोलावता येतात.) लालभडक कडी चाकावर बसली, लाकडाने धूर सोडला, मेस्त्री ओरडले, "पाणी!" माझ्या हातात बादली होती. मी घाईत निम्मं पाणी मेस्त्रींच्या पायांवर ओतलं. त्यांनी लक्षही दिलं नाही, कारण तेवढ्यात चाक बोलायला लागलं होतं. धाव आवळत होती आणि एकेक सांधा कुरकुरत, कण्हत जागेवर बसत होता. मेस्त्री कान लावून मोजत होते. बारावा आरा बसल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि मला पहिल्यांदा जाणवलं, की हा माणूस हसतो तेव्हा त्याला दोनच दात आहेत.

टांगा सोसायटीच्या दारात आला त्या दिवशी सेक्रेटरींनी चार कुंड्या आणून ठेवल्या होत्या आणि दांड्या फरशीला बोल्टने आवळायला एक माणूसही बोलावला होता. मेस्त्रींनी त्या माणसाचं ड्रिल हातातून काढून घेतलं. दांड्यांखाली स्वतः केलेलं लाकडी टेकण लावलं, ते एका हाताने निघतं.

"बोल्ट का नको?" सेक्रेटरी.

"उद्या घोडा आला तर?"

"सोसायटीत घोडा कशाला येईल?"

"वरातीत येतो की."

मग मेस्त्रींनी तोल बघायचा हट्ट धरला. दोन चाकांच्या गाडीत सगळा खेळ तोलाचा. पुढे वजन जास्त झालं तर घोड्याची पाठ जाते. मागे जास्त झालं तर दांड्या वर उचलतात, पोटाखालचा तंग आवळतो आणि घोड्याचं पोट जातं. घोडा नव्हता. म्हणून मेस्त्रींनी टेकण काढलं, पट्टा खांद्यावर घेतला आणि पंचाहत्तराव्या वर्षी स्वतः दांड्यांमध्ये उभे राहिले. आम्हाला एकेक करून बसवायला लागले. "इंजिनिअर, पुढं. काकू, जरा मधी. आवं, मधी म्हणलं! सेक्रेटरी, तुम्ही उतरा." डावीकडे, नानांच्या जागी, त्यांनी मला बसवलं. शेजारी, हलक्या माणसाच्या जागी, आत्याला. आत्याने कुणाचाही हात न धरता पाय बरोबर पायदानावर टाकला, जणू कालच उतरली होती.

"आता बरोबर," मेस्त्री म्हणाले आणि चालायला लागले.

नवीन चाकं आवाज न करता फिरत होती. कुंड्या मागे पडल्या, वॉचमन उठून उभा राहिला, फाटक आलं. मी म्हणालो, "मेस्त्री, सरळ घ्या, समोर मोकळं आहे." टांगा उजवीकडे वळायला लागला.

"मेस्त्री, उजवीकडे ओढतोय हो हा! दोन वर्षं लागली आणि ओढ तशीच राहिली?"

"ऱ्हायली न्हाय, ठिवलीय. उजव्या तुंब्यात वंगण जरा कमी सोडलंय."

"का?"

मेस्त्री उत्तर देईनात. आत्या हसायला लागली होती. आधी पदराआड, मग उघड. नानांनी घरात सिनेमाचं नाव काढायला बंदी केली होती. आम्हा सगळ्यांचं लहानपण त्या बंदीत गेलं.

"व्हिजिटला जातो म्हणायचे," आत्या म्हणाली. "मला बरोबर घ्यायचे, म्हणजे आईला संशय नको. थेटर उजवीकडे होतं. 'नया दौर' चार वेळा बघितला आम्ही."

घोड्याच्या जागेवरून, मान न वळवता, मेस्त्री म्हणाले, "आमी सा वेळा."